दिवाणातले नऊ कन्सोल रॅकवर कसे लावायचे?

प्रश्न : दादा, मी इंदिरानगरला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. माझ्याकडे नऊ कन्सोल, म्हणजे गेम खेळायची मशीन आहेत, लहानपणचा कॅसेटवाला टीव्ही गेम, प्लेस्टेशन म्हणजे पीएस १, पीएस २ चा जाडा आणि स्लिम असे दोन, जाडा पीएस ३, एक्सबॉक्स ३६०, हातात धरून खेळायचे गेमबॉय, पीएसपी आणि पीएस ५. शिवाय १४० च्या आसपास गेमच्या डिस्क. पीएस ५ सोडून सगळं दिवाणात पडलंय आणि आता आई म्हणते वर्षाचा गहू भरायचाय, तुझा पसारा उचल. घरमालक भिंतीला ड्रिल मारू देत नाही. तो तारेच्या जाळीचा, फळ्या वरखाली करता येतात तसला रॅक घेऊ का सरळ अंबडच्या कारखान्यांकडून लोखंडी अँगलचा रॅक करून आणू?

– एक वाचक, नाशिक

उत्तर : आईचं बरोबर आहे हे आधी सांगतो, आणि ते गव्हासाठी नाही तर तुमच्या कन्सोलसाठी. धान्याचा भुसा, कडुलिंबाचा पाला, बोरिक पावडर आणि झुरळं हे सगळं ज्या पेटीत आहे तिथे पंखे असलेली मशीन ठेवायचीच नसतात. झुरळांना तर उबदार, अंधारी, बारीक फटींची जागा लागते, म्हणजे कन्सोलच.

आता रॅक. अँगलचा रॅक मजबूत असतो, स्वस्त पडतो, किराणा दुकानात अख्खी पोती पेलतो. पण तुमचे सगळे कन्सोल मिळून वीस किलोच्या आसपास भरतील, त्याला एवढा दणकटपणा कशाला? आणि त्याची फळी म्हणजे बंद पत्रा, खालून हवा नाही, वर धूळ साचते. जाळीच्या रॅकमध्ये हवा चारी बाजूंनी फिरते आणि फळी दर इंचाला वरखाली करता येते, उद्या नवीन कन्सोल आला तर सुताराकडे जावं लागत नाही. माझं मत जाळीकडे. फक्त एक बघा, १४ इंची चौकोन प्लास्टिकच्या कनेक्टरने जोडतात तो ठोकळ्यांचा प्रकार घेऊ नका, कपडे-खेळणी ठीक आहे पण पाच किलोचा पीएस ३ ठेवला की मधे झोळ पडतो. चार खांब आणि जाड तारेच्या फळ्या असतात तोच घ्या.

रॅकची पुढून मागे खोली १४ इंच पाहिजे. मी पहिल्यांदा १२ इंची घेतला होता, दिसायला नाजूक छान, आणि घरी आणल्यावर कळलं की जाडा पीएस ३ च २७ सेंटीमीटर खोल आहे, मागे केबल वळायला दोन-तीन इंच लागतात, मग सगळी मशीन पुढे जीभ काढून उभी. तेव्हा रॅक घ्यायच्या आधी नऊच्या नऊ कन्सोल फरशीवर मांडा, केबल लावून मोजा.

ड्रिल नाही म्हणजे सहा फुटी रॅक विसरा, भिंतीला क्लॅम्प न लावता तो डोलतो. चार फूट उंच, तीन फूट रुंद, चार फळ्या पुरे. खाली स्क्रूचे पाय असतात ते फिरवून रॅक चारी बाजूंनी टेकवा, चाकं लावू नका. हे शोभेसाठी सांगत नाहीये, एक्सबॉक्स ३६० मध्ये डिस्क फिरत असताना मशीन हललं की डिस्कवर गोल चरा पडतो आणि ती डिस्क गेली.

सगळ्यात खाली डिस्क, वजन तळाला राहतं. डीव्हीडीची एक केस १४ मिलिमीटर जाड, म्हणजे १४० केस एका रांगेत लावल्या तर जवळजवळ साडेसहा फूट! पण केस साडेतेरा सेंटीमीटरच रुंद असते, त्यामुळे १४ इंची फळीवर मागेपुढे दोन रांगा बसतात, एका फळीवर १२० तरी जातात. उरलेल्या वीसेक पीएस ५ च्या शेजारी. केस १९ सेंटीमीटर उंच, बोटं घालायला जागा धरून वरची फळी नऊ इंचावर.

दुसऱ्या फळीवर पीएस ३ आणि ३६०, मधे चार बोटं अंतर. ३६० च्या अडॅप्टरची वीट असते ना, तिच्यातही पंखा आहे, ती केबलच्या गुंडाळ्यात पुरू नका. तिसऱ्यावर पीएस ५ आडवा, त्याला वर आणि मागे मोकळं ठेवा. सगळ्यात वर दोन्ही पीएस २, पीएस १ आणि टीव्ही गेम. स्लिम पीएस २ चे रबरी पाय आणि कंट्रोलर तारांच्या मधे अडकतात, तिथे ३ मिमी अॅक्रिलिकची पट्टी टाका, फ्लेक्सवाल्याकडून सनबोर्ड, म्हणजे फोमचा हलका बोर्ड, कापून घेतला तरी चालेल. पण अख्खी फळी झाकू नका हो, मग जाळीचा रॅक घेतला कशाला?

टीव्हीवर चालणारे सगळे एकदम जोडून ठेवायचा मोह होईल, नका करू. महिन्यातून एकदा तरी लावता ते दोन-तीन जोडलेले, बाकीचे अनप्लग, आणि प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना मास्किंग टेपवर नाव. सोललेली वायर लोखंडाला टेकली तर अख्ख्या रॅकमध्ये करंट उतरेल म्हणून जुन्या वायरी आधी तपासा. यातलं एखादं जपान-अमेरिकेहून आणलेलं असेल तर अडॅप्टरवर १०० का १२० व्होल्ट ते वाचा, आपल्या २३० वर थेट लावलं की धूर.

गेमबॉयचे सेल आजच काढा, फुटून पाणी सुटतं आणि सेल टेकतो ती पत्री गंजते. पीएसपीची बॅटरी फुगलीय का ते बघा, फुगली असेल तर चार्ज न करता बाजूला काढा. कॅसेटमध्ये फुंकर मारायची सवय आपल्या सगळ्यांची, पण तोंडाची वाफ लागून पिना खराब होतात, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाच्या काड्या वापरा.

रॅक पश्चिमेच्या खिडकीत नको, उन्हाने जुनं पांढरं-राखाडी प्लास्टिक पिवळं पडतं. बाल्कनीत तर नकोच, आपल्या पावसात क्रोमलाही गंज धरतो.

आणि गहू यायच्या आठ दिवस आधी लावायला घ्या, आदल्या रात्री नाही. खांबावर बसतात त्या प्लास्टिकच्या क्लिपा वर निमुळत्या, खाली जाड असतात, उलट्या लावल्या की फळी घसरून खाली येते. माझी दोनदा आली.