‘बाबा फार किरकिरे झालेत’

‘वय झालं की माणूस असाच होतो का हो?’ नाशिकरोडच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न इतक्या मुला-सुनांनी विचारलाय, की आता उत्तर लिहूनच टाकते.

एक काका (तपशील बदललेत) आयुष्यभर प्रेसमध्ये होते. छापून आलेले नोटांचे कागद तपासायचे. निवृत्त झाले, मग काकू गेल्या. आता भाजीतलं मीठ, नातवाचं अक्षर, गळका नळ, सगळ्यात खोट. सुनेनं माझ्याकडे आणलं, तर बसता बसताच म्हणाले, ‘‘तुमचं घड्याळ चार मिनिटं पुढे आहे.’’ होतं खरं.

दोन-तीन भेटी नुसत्या तक्रारी ऐकल्या. मग विचारलं, ‘‘काका, एखाद्या दिवशी एकही चूक सापडली नाही तर?’’

‘‘मग दिवसभर मी केलं काय, असं वाटायचं.’’

‘‘आणि आता?’’

बराच वेळ गप्प. ‘‘आता दाखवली तरी बघतं कोण? ती बघायची.’’

काकू गेल्यानंतर ते त्या दिवशी पहिल्यांदा रडले, असं सून नंतर म्हणाली.

उतारवयात माणूस आपलं जगणं सार्थकी लागलं का हे तपासत असतो, असं मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन सांगतो. मी त्याच्याच वाटेनं जाणारी. म्हणूनच कदाचित मला त्या किरकिरीत ‘मी अजून उपयोगाचा आहे ना?’ हे ऐकू आलं. घरच्यांना वर्षभर ते ऐकू आलं नव्हतं.

म्हातारपणातलं नैराश्य रडतच येतं असं नाही. चिडचिड, पहाटेच मोडणारी झोप, तुटलेली भूक, रिपोर्ट नॉर्मल असूनही दुखणारं अंग, विसरभोळेपणा, असंही येतं. म्हणून आधी डॉक्टरांकडून थायरॉइड, बी-१२ आणि कान तपासून घ्या. काकांना कमी ऐकू येत होतं. निम्मी भांडणं तिथलीच!

‘तुम्ही आता आराम करा’ हे वाक्य मात्र बंद करा. काम द्या, पण खरं; लुटुपुटूचं त्यांना लगेच कळतं. काकांकडे सोसायटीची बिलं सोपवली. किरकिर थांबली नाही, ती सेक्रेटरीच्या वाट्याला गेली. घरात ते जेवताना बोलू लागले, काकूंबद्दलसुद्धा.

‘जगून काय करायचं’ असं कुणी म्हणालं, तर हसण्यावारी नेऊ नका. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर चोवीस तास मराठीतही बोलता येतं.