वाचकांचे प्रश्न: लाइव्हवेलमधला बास

प्रश्न: अमेरिकेतल्या एका कॉलेजच्या बास (गोड्या पाण्यातला, गळाने पकडायचा मासा) फिशिंग क्लबला मी शिकवतो. उन्हाळी स्पर्धेत मुलांचे पाचही मासे वजन करताना जिवंत असतात, सोडले की पोहत जातात. तरी दोन-तीन दिवसांनी धक्क्याजवळ मेलेले बास तरंगताना दिसतात. चूक कुठे होते?

उत्तर: पोहत गेला म्हणजे वाचला असं नाही. थकलेला बास काही दिवसांनीही मरतो, आणि त्याची सुरुवात बहुधा लाइव्हवेलमध्येच, म्हणजे बोटीतल्या जिवंत मासे ठेवायच्या टाकीतच, झालेली असते. पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो, आणि नेमकी तेव्हाच माशाची गरज वाढते. टाकीत पाच मोठे मासे असताना पंप टायमरवर ठेवला, तर तो बंद असलेल्या मिनिटांत पातळी झपाट्याने घसरते. बॅटरी वाचवायला मुलं हेच करतात. पहिला मासा टाकीत पडल्यापासून पंप सलग चालू हवा. ऑक्सिजन लिटरमागे 5 मिलिग्रॅमच्या खाली जाऊ नये.

बर्फाचा हिशेब सोपा आहे. 30 गॅलनच्या (सुमारे 113 लिटर) टाकीत 8 पौंडांची लादी तापमान साधारण 10 अंश फॅरेनहाइटने उतरवते आणि ते तीनेक तास टिकतं. एक गॅलनचा कॅन भरून, वर फुगायला थोडी जागा ठेवून गोठवला की तेवढा बर्फ तयार. तो कॅनसकटच टाकीत ठेवावा, म्हणजे नळाचं क्लोरीन पाण्यात उतरत नाही. तलावाच्या पाण्यापेक्षा 5 ते 10 अंशच थंड ठेवा. त्याहून जास्त फरक माशाला झटका देतो. थंड करताना बाहेरचं पाणी घेणारा पंप बंद करून आतलंच पाणी फिरवावं, नाहीतर बर्फ तलावाला गार करत बसतो! मात्र माशांनी टाकलेला अमोनिया साठतो, म्हणून दोन-तीन तासांनी निम्मं पाणी बदला आणि नवा बर्फ टाका.

टाकीच्या पाण्यात घालायचं मीठ आयोडीनविरहित घ्यावं: पाच गॅलनला एक तृतीयांश कप, म्हणजे 30 गॅलनला दोन कप. निम्मं पाणी बदललं तर एक कप पुन्हा.

एवढं करूनही मासे वजनाला न्यायच्या पिशवीत घोळ होतो. वजनाच्या रांगेत पाच मासे थोड्याशा पाण्यात दहा मिनिटं हातात धरून उभं राहिलं, तर दिवसभराची मेहनत वाया. आपला क्रमांक जवळ आल्यावरच पिशवी भरा, दोन मिनिटांत वजनकाट्यावर पोचा. हात ओले ठेवा. कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. मोठा मासा जबड्याला धरून आडवा लटकवू नये, पोटाखाली दुसरा हात हवाच.

प्रश्न: खोल पाण्यातून काढलेला मासा टाकीत उताणा तरंगतो. आतली हवा काढायला सुई टोचावी का?

उत्तर: बासच्या वाताशयाला (पोटातल्या हवेच्या पिशवीला) घशाकडे वाट नसते. सुमारे 25-30 फुटांखालून वर आणलं की आतली हवा फुगते आणि त्याला तोल सावरता येत नाही. टाकीच्या तळाशी कुशीवर पडलेला मासा मात्र थकलेला असतो, त्याला सुई नको. टोचायचंच तर 18 गेजची निर्जंतुक सुई घ्या. पाठीच्या काटेरी व मऊ परांमधल्या खाचेपासून गुदद्वारापर्यंत रेषा कल्पावी. तिच्यावर, पार्श्वरेषेच्या (माशाच्या कुशीवरून लांबीने जाणाऱ्या रेघेच्या) तीन-चार खवले खाली, मासा पाण्यात बुडवून खवल्याखालून टोचा. बुडबुडे थांबले आणि मासा सरळ झाला की सुई काढा. सगळी हवा काढू नये. काही ठिकाणी याला परवानगी नसते, त्यामुळे राज्याचे व आयोजकांचे नियम आधी वाचा. तोंडातून जठर बाहेर आलेलं दिसलं तर त्या जठराला कधीही टोचू नका.

प्रश्न: विणीच्या काळात घरट्यावरचा बास पकडून लगेच सोडला तर काय बिघडतं?

उत्तर: पाणी 60-65 फॅरेनहाइटला पोचलं की नर घरटं करून अंडी राखतो. तो हलला की ब्लूगिल हे छोटे मासे टपलेलेच असतात. काही मिनिटांतही ते अंडी फस्त करू शकतात. लगेच सोडलेला नर परततो खरा, पण टाकीत घालून मैलभर दूर नेलेला बहुतेक वेळा वेळेवर परतत नाही. म्हणून या काळात बोटीवरच वजन करून जागेवर सोडण्याची पद्धत बरी. बोट दुसऱ्या तलावात न्यायची असेल तर त्याआधी टाकी रिकामी करून वाळवावी, म्हणजे झेब्रा शिंपले (एका तलावातून दुसऱ्यात पसरणारी उपद्रवी परकी जात) सोबत जात नाहीत.