दांडी फिरते, काच हलत नाही

तुमची 1998 ची मारुती एस्टीम, वडिलांच्या हातची. ड्रायव्हर बाजूचा आरसा आत बसून हलवायची दांडी सैल फिरते, काच मान टाकून बसते, आणि गॅरेजवाल्याने न उघडताच निकाल दिला की वायर गेली, अख्खा आरसा बदला. इतक्यात बदलू नका. माझ्या स्वतःच्या आणि मित्रमंडळींच्या गाड्यांचे असे पाच आरसे मी आजवर उघडले, त्यात वायर खरोखर तुटलेली एकदाच निघाली. बाकी चारही वेळा वायर ठणठणीत होती, तिचं टोक जागेवरून निसटलं होतं.

आधी काही न उघडता एक करून बघा. बाहेरून काच हाताने हळू दाबा आणि आतल्या दांडीकडे लक्ष ठेवा. काचेबरोबर दांडीही नाचली तर वायर जोडलेल्या आहेत. एकाच दिशेला हलत नसेल तर एकच वायर सुटली किंवा तुटली. दांडी अजिबात हलली नाही, तर बिघाड बहुधा दांडीच्या बुडाशी आहे. तुमच्या वर्णनावरून मला हाच संशय जास्त येतो.

रचना साधी आहे. काचेच्या मागची प्लास्टिकची थाळी मधोमध एका गोळ्यावर डुलते आणि स्प्रिंग तिला गोळ्यावर धरून ठेवते. थाळीच्या कडेला सारख्या अंतरावर तीन बारीक वायर, त्यांची दुसरी टोकं दांडीच्या बुडाशी. दांडी कलली की एखाद-दुसरी वायर ओढली जाते आणि उरलेल्या ढिल्या होतात. पण सायकलच्या ब्रेकसारखंच इथेही नुसत्या वायरने काम होत नाही, बाहेरची नळी म्हणजे आउटर दोन्ही टोकांना घट्ट टेकलेला लागतो. आउटर खोबणीतून दोन मिलिमीटर सरकला तरी वायर ओढताना नुसता आउटरच सरकतो, काचेपर्यंत काही पोचत नाही. वीस-पंचवीस वर्षं उन्हात तापून ही प्लास्टिकची खोबण चिरते, आणि बाहेरून बघणाऱ्याला वाटतं वायर गेली.

उघडायला दाराच्या आतलं त्रिकोणी झाकण काढा. माझ्या गाडीत त्यामागे तीन स्क्रू होते. शेवटचा स्क्रू सोडताना एका हाताने आरसा बाहेरून धरा, नाहीतर तो दाराच्या रंगावर ओरखडा काढत लोंबतो. (माझ्या दारावर तो ओरखडा अजून आहे.) काच काढायची असेल तर हेअर ड्रायरने पाच मिनिटं कोमट करा आणि लाकडी पट्टीने खालच्या कडेकडून उचला. थंड प्लास्टिकवर पेचकस घालाल तर थाळीचे कान मोडतील, आणि ते सुटे मिळत नाहीत.

वायर काढण्याआधी तिन्हींना वेगवेगळ्या रंगाचं नेलपॉलिश दोन्ही टोकांना लावा. मी एकदा आळस केला, दोन वायरींची अदलाबदल झाली, आणि दांडी वर केली की काच तिरकी खाली जायची. सगळं परत उघडावं लागलं.

खोबण चिरली असेल तर आउटर नीट बसवून त्यावर बारीक तांब्याची तार तीन-चार वेढे गुंडाळा आणि वर दोन भागांचा एपॉक्सी लावून रात्रभर सोडा. नुसत्या इन्स्टंट गोंदावर भिस्त ठेवू नका, थरथरीने तो पापडासारखा सुटतो. वायरच तुटली असेल तर सायकलवाल्याकडून गिअरची वायर आणा. ती 1.1 किंवा 1.2 मिमीची असते. ब्रेकची 1.5 च्या पुढे, म्हणून आउटरमध्ये अडकते. अर्थात आधी जुनी वायर मोजा. कापायच्या जागी इन्स्टंट गोंदाचा एक थेंब टाका, म्हणजे पीळ उसवत नाही. टोकाचं निपल, म्हणजे वायर खाचेत अडकवणारी गाठ, पितळी नळीच्या तुकड्याचं करता येतं. वायर आरपार काढून टोकाचे धागे फुलवायचे, मग सोल्डर भरायचं. धागे न फुलवता भरलेलं सोल्डर पहिल्याच जोराच्या ओढीला वायर सोडतं. स्टेनलेस वायर साध्या फ्लक्सने (सोल्डर चिकटावं म्हणून आधी लावायचा लेप) सोल्डर धरत नाही, जस्ताचा मुलामा असलेली मागा. जुनी आणि नवी वायर शेजारी ठेवून निपलपासून निपलपर्यंतची लांबी जुळवा. इथे लांबी चुकली तर दांडी मध्यावर असताना काच आकाश दाखवते.

तेलाबद्दल. शिवणयंत्राचं तेल, दोन थेंब, आउटर उभा धरून. मी पहिल्यांदा घरात होतं म्हणून खोबरेल घातलं होतं. मे महिन्यात लोण्यासारखं चाललं, डिसेंबरच्या सकाळी पुण्यात ते थिजलं आणि दांडी हलेना. दोन दिवस मी मेकॅनिझम पुन्हा गेलं समजून हळहळत होतो.

काच फुटली असेल आणि काचवाल्याकडून कापून आणणार असाल तर जुनी काच आधी पट्टीवर ठेवून बघा. सपाट असेल तर सपाटच घ्या, बाकदार असेल तर बाकदार. बाकदार आरशात मागची गाडी असते त्यापेक्षा लांब दिसते, तेव्हा सवय नसताना बदल केलात तर ओव्हरटेकचा अंदाज चुकेल. चिकटवायला व्हिनेगरचा वास येणारं सिलिकॉन वापरू नका. त्यातलं आम्ल आरशामागचा मुलामा खातं आणि काही महिन्यांत कडेने काळे डाग चढतात. न्यूट्रल सिलिकॉन मागा, किंवा फोमची दुहेरी टेप.

अख्खा आरसाच घ्यायची वेळ आली तर बुधवारी किंवा रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात एक फेरी मारा, पण जुना आरसा सोबत न्या. तिथे ‘एस्टीमचाच आहे साहेब’ असं म्हणून काय वाट्टेल ते हातात देतात, आणि स्क्रूची भोकं जुळत नाहीत हे घरी आल्यावर कळतं.

उघडल्यावर दांडीच्या बुडाचा जवळून फोटो टाका. बूड पूर्ण तुटलेलं असेल तर माझ्याकडे उजव्या बाजूचा एक आरसा पडून आहे. त्याची काच गेलीय, पण दांडी आणि खोबण चांगली आहे. कुरियरचे पैसे तेवढे तुमचे.