फाटक्या बनियनचा बाप आणि चष्म्याचा नंबर

वडिलांच्या कष्टांवरचे व्हिडिओ पाहून किंवा शाळेतले एखादे व्याख्यान ऐकून आमचे मूल ढसाढसा रडते, हे चांगले लक्षण मानायचे की काळजीचे, असा प्रश्न अलीकडे अनेक पालक मला विचारतात. विचारताना त्यांच्या स्वरात काळजीइतकेच समाधानही असते, आणि ते स्वाभाविक आहे. आपल्या कष्टांची जाणीव मुलाला झाली, याचा आनंद कोणाला होणार नाही? या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर देणे अवघड असल्यामुळे मी एका कुटुंबाचा अनुभव सांगते. तो त्यांच्या परवानगीने लिहीत आहे आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

मुलगी नववीत शिकणारी, गाव तालुक्याचे, वडील साखर कारखान्यात वायरमन आणि आई घरी शिवणकाम करणारी. आईने तिला माझ्याकडे आणले ते सततच्या डोकेदुखीसाठी आणि गणितात घसरलेल्या गुणांसाठी. बोलता बोलता आई म्हणाली, "मॅडम, दिवाळीला ड्रेस नको म्हणाली, सहलीला नको म्हणाली. आम्हाला वाटलं, पोरगी शहाणी झाली." हे शहाणपण कधीपासून आले, असे विचारल्यावर आदल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनातल्या व्याख्यानाचा उल्लेख निघाला. अशी व्याख्याने ज्यांनी ऐकली आहेत त्यांना त्यांचा साचा ठाऊक असेल. मागे करुण बासरी वाजत असते, बापाचे फाटके बनियन आणि झिजलेली चप्पल यांचे वर्णन होते, मग मुलांना डोळे मिटून बापाची तिरडी नजरेसमोर आणायला सांगतात आणि सारे पटांगण रडू लागले की पालकांच्या पाया पडायला पाठवतात. या मुलीने त्या रात्री वडिलांना पत्र लिहिले, "पप्पा, आजपासून मी तुमच्याकडे काहीही मागणार नाही." वडिलांनी ते लॅमिनेट करून शोकेसमध्ये ठेवले होते आणि पहिल्याच भेटीत मोबाईलवर त्याचा फोटो मला अभिमानाने दाखवला.

मुलीशी एकटीशी बोलताना मी विचारले, "तुझ्या पप्पांचे बनियन फाटके आहे का?" ती गोंधळली, मग हसली आणि म्हणाली, "नाही. ते दिवाळीला नवीनच आणतात, अर्धा डझन." तेव्हा व्याख्यानातल्या बापाला बाजूला ठेवून स्वतःच्या पप्पांबद्दल सांग, असे मी सुचवले. कारखान्याच्या गणवेशाची इस्त्री ते आईलाही करू देत नाहीत, भाताची खरपुडी त्यांनाच लागते, क्रिकेट बघताना ते पंचाशी भांडतात, असे बरेच काही तिने उत्साहाने सांगितले. मग आवाज खाली आला. राग आला की ते दोन-दोन दिवस बोलत नाहीत, ताट तसेच सरकवून उठतात, आणि घरात सगळेजण पावले न वाजवता चालतात. एवढे सांगून तिने लगेच पुस्ती जोडली, "पण ते आमच्यासाठीच करतात ना सगळं." डोकेदुखीचा उलगडाही त्याच भेटीत झाला. गणपतीपासून तिला फळ्यावरचे आकडे धूसर दिसत होते. मात्र चष्म्याचा खर्च नको म्हणून ती शेजारणीच्या वहीतून उतरवून घेत होती. तपासल्यावर दोन्ही डोळ्यांना पावणेदोन नंबर निघाला.

मराठी मनात आईला फार पूर्वीपासून हक्काची जागा आहे. 1935 सालची ‘श्यामची आई’ आजही घरोघरी वाचली जाते आणि तिच्यावरच्या 1953 च्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. बापाच्या वाट्याला मात्र बहुतेक वेळा हुकूम सोडणे, लग्न मोडणे किंवा म्हातारपणी मुलांकडून अपमानित होणे एवढेच आले. त्यामुळे ‘बापाबद्दल कोणी बोलतच नाही’ ही तक्रार खोटी नव्हती. ती पोकळी पुढे व्हॉट्सॲपने भरून काढली, आणि जूनच्या तिसऱ्या रविवारी, म्हणजे फादर्स डेला, तर अशा संदेशांना पूर येतो. फाटक्या बनियनचा बाप खोटा आहे असेही मी म्हणणार नाही, कारण तो मी प्रत्यक्ष पाहिला आहे. माझा आक्षेप त्या चित्राच्या मांडणीला आहे. त्यात बाप स्वतः कधीच बोलत नाही आणि मूल नेहमीच गुन्हेगार असते. याच लोकप्रिय संस्कृतीत याहून वेगळे बापही आहेत, हे आपण विसरतो. ‘दमलेल्या बाबाची कहाणी’ या गाण्यात बाप स्वतः लेकीशी बोलतो आणि आपल्या हातून निसटलेल्या वेळेची कबुली देतो. 2016 च्या ‘दंगल’मध्ये मुली बापाच्या शिस्तीविरुद्ध चक्क गाणे म्हणून तक्रार करतात, तर त्याआधीच्या वर्षीच्या ‘पिकू’तली मुलगी बद्धकोष्ठाने हैराण आणि त्याहून हट्टी असलेल्या बापावर चिडत चिडतच त्याचे सगळे करते. ‘दंगल’मधल्या बापाच्या काही गोष्टी मला मुळीच पटत नाहीत, पण तिथे मुलींना तक्रारीची मुभा तरी आहे.

चष्म्याचे कळल्यावर वडील दुखावले. "म्हणजे पोरीनं बापाची कदर केली, तेच चुकलं का, मॅडम?" असे त्यांनी विचारले. मी त्यांना विचारले की, ते नववीत असताना त्यांनी वडिलांकडे काय मागितले होते. बराच वेळ ते गप्प राहिले. त्यांचे वडील मार्केट यार्डात हमाली करत. मुलाने कंपासपेटी मागितली तेव्हा ती आणणे जमले नव्हते आणि नंतर मुलानेही मागणे सोडले होते. हे सांगताना त्यांचे डोळे भरून आले. ते फाटके बनियन त्यांच्या वडिलांचे होते, आणि व्हिडिओ पाहताना ते बाप म्हणून नव्हे, मुलगा म्हणून रडत होते. महिन्याच्या महिन्याला पगार घेणाऱ्या घरातली त्यांची मुलगी मात्र आजोबांच्या गरिबीची परतफेड स्वतःच्या डोळ्यांनी करत होती. असे एक पिढी मागचे बाप मला अनेक घरांत भेटतात.

पुढचे काम तसे साधे होते. वडिलांनी पगाराची स्लिप मुलीसमोर ठेवली आणि किराणा, वीजबिल, पतपेढीचा हप्ता, तिची फी असा महिन्याचा हिशेब तिच्याच हाताने लिहून घेतला. चष्मा त्यात सहज बसला. अबोल्याचे प्रकरण मात्र लवकर सुटले नाही. राग आला तर ‘मला आत्ता राग आलाय, जेवण झाल्यावर बोलू’ एवढे तरी सांगायचे, असे ठरले. हे त्यांना कधी जमले, कधी नाही. पण ‘पप्पा, तुम्ही बोलत नाही तेव्हा मला भीती वाटते’ हे वाक्य मुलीने त्यांच्या तोंडावर उच्चारले, आणि ते ऐकताना त्यांनी ना पत्राची आठवण करून दिली ना कष्टांची.

सगळ्याच घरांत बाप असा ऐकून घेणारा नसतो. शेकडो मुलांना एकाच वेळी बापाच्या पाया पडायला लावले जाते तेव्हा दारू पिऊन मारणाऱ्या बापाची मुलेही त्या रांगेत असतात आणि आपणच कृतघ्न आहोत अशी समजूत करून घेऊन घरी जातात. असे कार्यक्रम ठेवणाऱ्या शाळांना माझे सांगणे असते की, कार्यक्रमानंतर गप्प झालेल्या मुलांशी शिक्षकांनी एकेकट्याने बोलावे आणि मुलांसाठीच्या 1098 या मदत क्रमांकाची माहिती त्याच व्यासपीठावरून द्यावी.

मूळ प्रश्नाकडे येते. मुलाला रडू येण्यात वाईट काही नाही. त्यानंतरच्या काही आठवड्यांत ते गरजेची वस्तू मागते का, दुखले-खुपले सांगते का, तुमच्यावर चिडते का, हे पाहा. यांतले सगळेच थांबले असेल, तर मूल समंजस झाले असे समजून निश्चिंत होऊ नका. त्याने काय लपवले आहे ते प्रेमाने विचारा.

या मुलीच्या आईचा मध्यंतरी फोन आला होता. मुलीने गिअरची सायकल मागितली, वडिलांनी नाही म्हटले, आणि मग पतपेढीचा हप्ता कधी संपतो यावरून दोघांत चांगलीच जुंपली. "आता फार उलट बोलते हो, पुन्हा घेऊन येऊ का?" असे आईने विचारले. मी नको म्हटले.