अनुभवाची अट नसलेल्या नाट्यवर्गात नाव घालताना

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या पत्रात प्रश्न दोन आहेत. नोकरी सांभाळून संध्याकाळी चालणाऱ्या एका नाट्यप्रशिक्षण वर्गात नाव घालावे असे तुझ्या मनात आहे. पण 'प्रौढांसाठी, अनुभवाची अट नाही' असे त्याच्या माहितीपत्रकात छापलेले असल्यामुळे, ज्यांनी कित्येक प्रयोग केले आहेत अशा लोकांच्या शेजारी उभे राहिल्यावर आपले हसे होईल का, अशी तुला धास्ती वाटते. आणि नवखे व अनुभवी एकत्र बसवल्यावर कोणालाच धड काही शिकायला मिळत नसेल, असाही संशय आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देता येईल. सुरुवातीला संकोच वाटेल, आणि मग लक्षात येईल की तुझ्याकडे फारसे कोणी पाहत नाही, कारण जो तो स्वतःच्याच विवंचनेत असतो. दुसऱ्या प्रश्नावर मात्र सविस्तर लिहायला हवे.

मिश्र वर्ग म्हणजे तडजोड, असे समजून काही जण तो चालवतात, आणि मग तो चालतोही तसाच: सरावलेल्यांना संवाद, नवख्यांना गर्दीत उभे राहण्याचे काम. असा वर्ग आढळला तर तो खुशाल सोडून दे. पण अभिनयशिक्षणाचा जो गाभा आहे, म्हणजे समोरच्या माणसाकडे पूर्ण लक्ष देणे आणि त्याने आत्ता जे केले त्याला उत्तर म्हणून आपली कृती घडू देणे, त्या बाबतीत नवखा आणि मुरलेला यांच्यातले अंतर आपण समजतो तेवढे मोठे नसते. उलट अनेक प्रयोग केलेल्या नटाला आपल्या वाक्याचा सूर, त्यावर येणारा हशा आणि त्यानंतर घ्यायचा पॉज आधीच पाठ असतो, त्यामुळे समोरच्याने वेगळ्या सुरात वाक्य टाकले तरी त्याचे उत्तर ठरलेल्या सुरातच येते. नवख्याकडे असा साठा नसल्याने त्याला ऐकण्यावाचून गत्यंतर नसते. म्हणूनच दोघांना एकत्र काम करायला लावणारा शिक्षक हुशार असेल तर त्याचा फायदा दोघांनाही होतो, आणि माझ्या मते सरावलेल्याला तो जरा अधिकच होतो.

ज्या रशियन नट-दिग्दर्शक स्तानिस्लावस्कींचे नाव तुला अशा प्रत्येक वर्गात कधी ना कधी ऐकू येईल, त्यांचेच उदाहरण पाहा. १८६३ साली सधन कारखानदार कुटुंबात जन्मलेले हे गृहस्थ घरचा व्यवसाय सांभाळून हौशी नाटके करत होते. १८९८ मध्ये नाटककार नेमिरोविच-दान्चेन्को यांच्यासह त्यांनी मॉस्को आर्ट थिएटर उभे केले आणि नट व दिग्दर्शक म्हणून मोठी कीर्ती मिळवली. तरीही १९०६ साली, वयाच्या चाळिशीनंतर, आपल्या गाजलेल्या भूमिका आपण निव्वळ सवयीने करत आहोत हे जाणवून ते अस्वस्थ झाले, आणि नट दर प्रयोगात जिवंत राहतो तो कशाच्या बळावर, या प्रश्नाकडे नव्याने वळले. त्यांची पुढे प्रसिद्ध झालेली प्रशिक्षणपद्धती या शोधातून आकाराला आली. तेव्हा पन्नास प्रयोग करून आलेला माणूस तुझ्याच शेजारी उभा राहून श्वासाचा अगदी प्राथमिक व्यायाम करताना दिसला, तर शिक्षकाने त्याला खालच्या इयत्तेत बसवले आहे, असे समजू नकोस.

आता प्रत्यक्ष वर्गात काय चालते ते सांगतो, कारण सुरुवातीच्या काही बैठकांत 'हे काय पोरखेळ चालले आहेत' असे तुझ्या मनात आल्याशिवाय राहणार नाही. नावे लक्षात ठेवण्याचे खेळ होतील, नसलेला चेंडू एकमेकांकडे फेकायला सांगतील, दोघांनी समोरासमोर उभे राहून एकाने आरशासारखे दुसऱ्याचे अनुकरण करायचे असेल. या खेळांमागे मोठा विचार आहे. अमेरिकन नाट्यशिक्षिका व्हायोला स्पोलिन यांनी शिकागोमध्ये मुले आणि स्थलांतरित कुटुंबे यांच्याबरोबर काम करताना असे खेळ विकसित केले आणि १९६३ मध्ये ते पुस्तकरूपाने मांडले. खेळाला एक नेमका प्रश्न किंवा नियम द्यायचा, खेळणाऱ्याचे सारे अवधान त्यावर खिळवायचे, म्हणजे 'मी कसा दिसतो आहे' या काळजीला मनात जागाच उरत नाही, हे त्यांचे सूत्र होते. नसलेला चेंडू झेलताना तो जड आहे की हलका, हे ठरवण्यात तू गुंतलास की तुझे हात आपोआप खरे वागू लागतात. तुझी धास्ती घालवण्यासाठी मी चार उपदेश करण्यापेक्षा हा चेंडू अधिक कामाचा आहे.

दुसरा एक सराव तुला याहूनही कंटाळवाणा वाटेल. दोघांनी समोरासमोर बसायचे, एकाने समोरच्याविषयी जे दिसते ते साध्या वाक्यात सांगायचे, जसे 'तू हसतो आहेस', आणि दुसऱ्याने 'मी हसतो आहे' असे म्हणायचे. मग तेच वाक्य पुन्हा पुन्हा एकमेकांकडे जात राहते. न्यूयॉर्कमधील शिक्षक सॅनफर्ड माइस्नर यांचा हा सराव जगभर वापरला जातो. त्यात शब्द मुद्दाम निरर्थक होऊ दिलेले असतात. काय बोलायचे याचा विचार करण्याचे काम संपल्यावर आवाजातली चीड, थट्टा, संकोच, माघार हे सारे ऐकू येऊ लागते, आणि वाक्याचा सूर तू ठरवत नसून समोरच्याच्या वागण्यातून तो बदलतो आहे, हे तुझ्या ध्यानात येते. घाई करून यात गंमत आणण्याचा प्रयत्न करू नकोस. विनोदी उत्तर देऊन वर्गाला हसवणारा विद्यार्थी हा सराव हमखास वाया घालवतो, आणि असा एक जण प्रत्येक तुकडीत असतोच.

मला स्वतःला सर्वांत आवडणारा भाग म्हणजे पात्रांमधल्या वरचढपणाचा अभ्यास. नाट्यशिक्षक कीथ जॉन्स्टन लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरमध्ये काम करत असताना त्यांना असे आढळले की अगदी साधे संभाषणही रंगमंचावर निर्जीव वाटते. पण नटांना 'समोरच्यापेक्षा जरासे वर राहा' किंवा 'जरासे खाली राहा' एवढेच सांगितले की तो प्रवेश एकदम खरा वाटू लागतो. हे वर-खाली असणे पदावर किंवा पैशावर अवलंबून नसते, ते वागण्यात असते. डोके स्थिर ठेवून सावकाश बोलणारा नोकर घाईघाईने स्वतःच्या चेहऱ्याला हात लावणाऱ्या मालकापेक्षा वरचढ ठरतो, आणि नाटकातली अर्धी गंमत अशा उलटापालटीतच असते. हा अभ्यास सुरू झाला की काही दिवस तू कार्यालयातल्या बैठकीत कोण कोणाची नजर टाळतो, खुर्चीत कोण किती जागा व्यापतो हेच पाहत बसशील. पाहत राहा. अनुभव नसलेल्या प्रौढाकडे वीस वर्षांच्या तरुणापेक्षा जास्त असलेली गोष्ट म्हणजे माणसांचा हा साठा, आणि तो वापरायला शिकवणे हे अशा वर्गाचे काम आहे.

आवाज आणि शरीर यांची तयारी मात्र खेळांनी भागत नाही, त्याला रोजचा रियाज लागतो. आपल्याकडे अभिनयाचे आंगिक (शरीराचा), वाचिक (वाणीचा), आहार्य (वेश-रंगभूषेचा) आणि सात्त्विक (अंतरीच्या भावाचा) असे चार प्रकार नाट्यशास्त्राने सांगितले. त्यांपैकी पहिल्या दोहोंची मशागत घरीही करता येते. श्वास घेताना खांदे वर न उचलता बरगड्यांचा खालचा भाग आणि पोट विस्तारू द्यावे, श्वास एका संथ 'स्स्' बरोबर सोडावा, वाक्याच्या शेवटच्या शब्दापर्यंत हवा पुरवावी. नवख्याचे वाक्य बहुधा शेवटी पडते, आणि मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येत असल्यामुळे तेच नेमके प्रेक्षागृहापर्यंत पोहोचत नाही. आवाजाची फेक म्हणजे ओरडणे नव्हे, हे तुला वारंवार सांगितले जाईल. घसा खवखवत असेल किंवा आवाज बसला असेल तर त्या दिवशी ताण न देता नुसते ऐकण्याचे काम घे.

पाठांतराची चिंता प्रौढ विद्यार्थ्यांना फार असते. हेल्गा आणि टोनी नॉइस या संशोधक दांपत्याने नट संवाद कसे लक्षात ठेवतात याचा दीर्घ अभ्यास केला आहे. त्यातून असे दिसते की नट शब्द घोकत बसत नाहीत; प्रत्येक वाक्याने पात्र समोरच्याकडून काय मिळवू पाहते याचा ते विचार करतात, आणि संवादाला हालचालीची जोड मिळाली की तो अधिक पक्का होतो. याच दोघांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ६० ते ८६ वयाच्या व्यक्तींना चार आठवडे अभिनयाचे प्रशिक्षण दिल्यावर त्यांची स्मरणशक्ती आणि प्रश्न सोडवण्याची क्षमता सुधारल्याचे नोंदवले. तू तर त्यांच्या निम्म्या वयाचाही नाहीस. संवाद पाठ करताना उभा राहा, चाल, आणि प्रत्येक वाक्यापाशी 'मला याच्याकडून काय हवे आहे' हे विचार.

भावनांविषयी मात्र सावध करतो. स्वतःच्या आयुष्यातली दुःखद आठवण जागी करून रंगमंचावर रडण्याची पद्धत काही शिक्षक आजही आग्रहाने शिकवतात. अभिनयशिक्षक ली स्ट्रासबर्ग यांनी अमेरिकेत अशा भावनिक स्मृतीवर भर दिला, तर त्यांच्याच ग्रुप थिएटर या नाट्यसंस्थेतील अभिनेत्री स्टेला अॅडलर यांनी १९३४ मध्ये पॅरिसला जाऊन खुद्द स्तानिस्लावस्कींबरोबर काम केले आणि परत येऊन सांगितले की भर पात्राच्या परिस्थितीवर, कल्पनाशक्तीवर आणि कृतीवर असायला हवा. हा वाद जुना आहे आणि दोन्ही बाजूंनी थोर नट घडले आहेत. पण संध्याकाळच्या वर्गाला दिवसभर काम करून आलेल्या, एकमेकांना नीट न ओळखणाऱ्या प्रौढांसाठी मी निःसंकोचपणे अॅडलर यांची बाजू घेईन. कोणी तुझ्या खाजगी जखमेविषयी वर्गापुढे बोलण्याचा आग्रह धरला तर नम्रपणे नकार दे. स्पर्शाचा समावेश असलेल्या सरावापूर्वी परवानगी विचारली जाते का, हेही पाहा. जिथे नकार दिल्यावर कारण द्यावे लागत नाही, तिथे माणसे मोकळेपणाने काम करतात.

वर्ग निवडताना शक्य असेल तर एक बैठक पाहण्याची परवानगी माग, आणि तिथे दोन गोष्टींकडे लक्ष दे. पहिली, तुकडीत किती जण आहेत आणि त्यांतला प्रत्येक जण किती वेळ प्रत्यक्ष उभा राहून काम करतो. वीस-पंचवीस जण बसून एका जोडीचे काम पाहत असतील तर ते व्याख्यान झाले. दुसरी, शिक्षक अभिप्राय कसा देतो. नवख्याला 'छान' आणि अनुभव्याला 'अजून जीव ओत' असे सांगणारा शिक्षक कोणालाच काही सांगत नसतो. 'तिने मान फिरवल्यावर तू वाक्य तसेच पुढे रेटलेस, आता ती मान फिरवेपर्यंत थांबून पाहा' असे जो म्हणतो, त्याचा अभिप्राय दोघांनाही सारखाच उपयोगी पडतो. अखेरीस होणाऱ्या सादरीकरणाविषयीही विचार. ते असावे, कारण प्रेक्षकांशिवाय नाटक पुरे होत नाही. पण पहिल्या महिन्यातच त्याच्या तालमी सुरू होत असतील तर शिकणे बाजूला पडून हालचाली बसवणे सुरू होते, आणि मग ज्याला आधीपासून येते त्यालाच पुढे ढकलले जाते.

एक किरकोळ पण त्रासदायक बाब राहिली. तुझ्याबरोबर सराव करणारा अनुभवी सहकारी कधी कधी तुझा दिग्दर्शक होऊ पाहील आणि वाक्य कसे म्हणायचे ते म्हणून दाखवील. त्याच्याशी वाद घालू नकोस आणि त्याची नक्कलही करू नकोस. 'तुला मला काय करायला भाग पाडायचे आहे ते सांग, मी त्याला उत्तर देतो' एवढे म्हण. चांगला नट असेल तर तो लगेच समजेल.

बहुतेक वर्गांत काही आठवड्यांनी एकपात्री उतारा आणायला सांगतात. तो तुझ्या वयाच्या आसपासच्या पात्राचा, दोन मिनिटांच्या आतला निवड, आणि त्या आधी संपूर्ण नाटक वाच, कारण ते पात्र कोणाशी बोलते आहे आणि बोलण्यापूर्वी नुकतेच काय घडले आहे हे उताऱ्यात लिहिलेले नसते. समोर नसलेल्या त्या श्रोत्याची जागा डोळ्यांच्या पातळीवर, प्रेक्षकांच्या थोडी वर ठरवून घे, म्हणजे परीक्षण करणाऱ्या शिक्षकाच्या तोंडाकडे पाहत बोलण्याचा मोह होणार नाही. दोन-तीन उतारे मनात घोळू लागले की त्यांची नावे मला कळव. त्यांतला कोणता घ्यावा हे मी ठरवणार नाही, पण प्रत्येकातला ऐकणारा माणूस कोण आहे यावर आपल्याला बोलता येईल.

तुझा शुभचिंतक