धर्माच्या तासाला चिंतनवही: सुरुवात करताना

धर्माच्या तासाला वर्गात चिंतनवही, म्हणजे शिकलेल्यावर मुलांनी आपले विचार लिहायची वही, सुरू करताय, हे वाचून फार बरं वाटलं. सुरुवातीला मोजकंच सांभाळा.

सगळ्यात आधी, प्रश्न नेमका हवा. ‘आजच्या धड्याबद्दल काय वाटलं?’ असं विचारलंत तर वर्गभर ‘छान वाटलं’ एवढंच हाती येतं. उपवास शिकवत असाल तर आधी माहिती द्या: रमजानचा रोजा पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत, ज्यूंचा योम किप्पूरचा उपवास सुमारे 25 तास, आणि दोन्हींत पाणीही वर्ज्य. मग विचारा, ‘समोर पाणी असून न पिणाऱ्या माणसाला त्यातून काय मिळत असेल? असं का वाटतं?’ माझ्या वर्गातल्या एका मुलीने उत्तरात ‘शिक्षा’ लिहिलं होतं. दोन आठवड्यांनी तिनेच तो शब्द खोडून शेजारी ‘आठवण’ लिहिलं. ती खाडाखोड मला सुवाच्य निबंधाहून मोलाची वाटते.

नवखेपणी हमखास होणाऱ्या चुका:

- श्रद्धेला गुण देणं. द्यायचेच तर निरीक्षणाला आणि कारणांना द्या.
- घरचा धर्म उघड करायला लावणं, किंवा एखाद्या मुलाला त्याच्या धर्माचा प्रवक्ता बनवणं. मुलं याने फार दुखावतात.
- लाल पेनाने शुद्धलेखन तपासणं. त्याऐवजी एखादा प्रश्न लिहून वही परत द्या.

वही कोण वाचणार, हे पहिल्याच दिवशी सांगा. मुलाने खासगी म्हणून दुमडलेलं पान वाचणार नाही असा शब्द दिलात, तर तो पाळा.

आठवड्यातून एकदा, वर्गातच दहा मिनिटं पुरेत. मूल्यमापनाचे तक्ते वगैरे पुढच्या सत्रात बघू.