बाळाला आरएसव्ही झालाय, अँटिबायोटिक का नाही दिलं?

प्रश्न: बाळ पाच महिन्यांचं आहे, ताईची सर्दी त्याला लागली आणि आता छाती घरघरतेय. डॉक्टरांनी आरएसव्ही सांगितलं पण नुसते सलाइनचे ड्रॉप्स दिले, दुसरीकडे दाखवू का?

उत्तर: डॉक्टरांचं बरोबर आहे हो, आरएसव्ही हा श्वासमार्गाला होणाऱ्या संसर्गाचा व्हायरस आहे, अँटिबायोटिकचा त्यावर काही उपयोग नाही. दोन वर्षांच्या आत जवळपास सगळ्याच मुलांना हा एकदा तरी होतो, पण लहान बाळांच्या श्वासनळ्या इतक्या बारीक असतात की थोडी सूज आणि चिकट शेंबूड आला तरी श्वास अडतो. नाक चोंदलं की दूध ओढता येत नाही, म्हणून पाजायच्या आधी ड्रॉप्स घालून नाक साफ करा आणि थोडं थोडं पण वारंवार पाजा. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी त्रास वाढतो, तेव्हा कपडे वर करून छाती नीट बघा, श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, नाकपुड्या फुलत असतील, कण्हत असेल, लघवी खूप कमी झाली असेल तर लगेच हॉस्पिटल गाठा, आणि ओठ निळे दिसले किंवा श्वास मधेच थांबला तर एक मिनिटही थांबू नका. खोकला मात्र दोनेक आठवडे राहू शकतो. मनाने कफ सिरप अजिबात देऊ नका.